लागलंच तर

जिन्याखालच्या कपाटात, बुटांच्या पॉलिशशेजारी
एक निळी पेटी.
झाकणावर माझ्याच अक्षरात: टिनियन, नॉर्मन. जन्म १९४१.
पेटीचं सरकारी नाव लांबलचक आहे,
मी मनातल्या मनात म्हणते, 'लागलंच तर'.
आत काचेच्या कुप्या, सुया,
कुप्या मोजायचा तक्ता.

लागलं.
शनिवारी रात्री, एक पन्नासला.

वर्किंग्टनपासून मिलमपर्यंतचा अख्खा किनारा
त्या रात्री आम्हा दोघींच्या वाट्याला,
आणि फिओनाची गाडी एग्रेमाँटजवळ पंक्चर.

एडनानं दार उघडलं, म्हणाली,
"तुम्हाला उगाच त्रास दिला."
वर नॉर्मन उशीचं टोक दातांत धरून.
पस्तीस वर्षं रुळांच्या कारखान्यात,
लालभडक पोलादाच्या धगीत उभ्यानं डबा खाल्लेला माणूस,
आणि आता मणक्यात घर केलेलं काहीतरी
त्याला आईला हाका मारायला लावत होतं.

पेटी उघडली. कुप्या होत्या.
परवानगीचा कागद होता,
औषधाचं नाव होतं, मात्रा होती,
सहीच्या जागी पांढरं.

सहीशिवाय कुपी फोडायची नाही.
नियम बरोबर आहे. का आहे तेही मला पाठ आहे,
नव्या मुलींना मीच शिकवते.

फोन लावला. तुमचा नंबर अकरावा.
मग पियानो.
तुमचा नंबर अकरावा.
मग पुन्हा तोच पियानो.
एडनानं दोनदा चहा केला, दोनदा ओतून दिला.
मी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपले,
कूस बदलली, पाठीशी उशी दिली.
लहानपणी बोट पोळलं की आई फुंकर घालायची.
फुंकरीला सही लागत नाही,
आणि फुंकरीनं हे भागतही नाही.

कोर्सच्या पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं,
आपल्या कामाच्या नावात एक जुना लॅटिन झगा आहे.
मी वहीत लिहिलं: पांघरूण घालणे.
आणि एकटीच हसले,
कारण आमच्या भाषेत
पांघरूण घालतात ते चुकांवर.

चार दहाला डॉक्टर आला. पेनरिथहून,
पोरगेलासा, डोळे तारवटलेले.
पेन उमटेना.
एडनानं बिंगोचं जाड पेन दिलं,
सही जांभळी झाली.

वीस मिनिटांनी कपाळ सैल पडलं.
"शिफ्ट सुटली का गं?" नॉर्मननं विचारलं,
मला नाही, आणखी कुणाला तरी.
"सुटली," मी म्हणाले.

मंगळवारी दुपारी गेला, झोपेत, एडना भाजी चिरत असताना.
त्याच्या आदल्या दिवशी मला ईमेल आली होती:
सही काळ्या शाईतच हवी.

फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न, गरज भागली का?
हो. नाही.
मी 'हो'वर खूण केली. भागली होती ना.

ऑक्टोबरच्या बैठकीत पडद्यावर आलेख:
ब्याण्णव टक्के. हिरवागार.
नॉर्मन त्या हिरव्यात कुठेतरी.
मी हात वर केला. विचारलं,
एक पन्नास ते चार दहा, हे कुठल्या रकान्यात?
कुणीतरी ते लिहून घेतलं.
मनापासून घेतलं, मला वाटतं.
मग बिस्किटं फिरली.

आता पेटी पोचवण्याआधी
मी कागद दिवसाउजेडी उलगडते.
काल शुक्रवार, पाचला पाच कमी.
क्लेटर मूरच्या दवाखान्यात दिवे मालवत होते,
डॉक्टरीणबाईंचा एक हात कोटाच्या बाहीत.
मी दारात उभी राहिले,
वाट अडवून,
कागद पुढे केला.

दुसऱ्या हातानं, उभ्याउभ्याच,
भिंतीला टेकवून केली त्यांनी.
काळ्या पेनानं.
पेन माझंच होतं.