खडू

"बिरेक मारला का इस्टेरिंग थरथरते, काका."
मोरेश्वर टेकामची पिकअप, मागं अकरा शेळ्या
घाटंजीच्या बाजाराच्या.
झिबलकाकानं बिडी कानावर ठेवली.
"हातात थरथरते का बुडाखाली?"
हातात.
"मंग मागचं नोको पाहू."

जॅक लावला. चाक हलवून पाह्यलं, बेरिंग ठीक.
नट एकेक दाबले,
उसने दिलेले पैसे मोजावे तसे.
चाक काढलं. चकती उघडी पडली,
गुळगुळीत, मधेच निळसर डाग.
नुसतं बघून काही कळेना.

काकानं खिशातून खडू काढला, शाळेतला, अर्धा.
चकतीपाशी धरला. म्हणाला, फिरव.
मी फिरवली.
पांढरं सगळीकडंच उमटलं, तुटक तुटक,
चिखलात बगळा चालून गेल्यासारखं.

काकानं खडूकडं पाह्यलं.
मग हाताकडं.
दोन वर्षं झाली, त्याचा चहा
आम्ही अर्धा कपच भरतो.
बोलत कोणी नाही.

"तू धर," तो म्हणाला. "कोपर गुडघ्यावर टेकव."
चकती आता त्यानं फिरवली.
एकाच जागी, बोटभर.
पुन्हा फिरवली. तिथंच.

"घाट उतरला का लगेच नाल्यात धुतं न गाडी?"
मोरेश्वर गप्प.
"तापल्या तव्यावर पाणी. वाकंन नाही तं काय."

यवतमाळले ने, लेथवर चढव, एवढं सांगून
तो बाजेवर जाऊन बसला.
खडू परत मागितला नाही.

गाडी जॅकवर, इंजिन बंद,
आणि शेळ्या पाय फाकवून उभ्या,
उतार अजून चालूच असल्यासारख्या.