लोणा

मांडवीच्या रस्त्याला जुनी मिठाची वखार.
आता तिचं नाव 'सॉल्ट हाऊस'.
दुसरा मजला, अकराशे चाळीस फूट कार्पेट,
उंची अठरा, मध्ये लाकडी लॉफ्ट.
लॉफ्ट म्हणजे माळा,
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
आमच्या माळ्यावर मखर असतं, फुटकी बरणी,
वडिलांनी न वाचलेले आणि न टाकलेले दिवाळी अंक.
तिथे झोपायला कुणी एक कोटी दहा लाख मोजेल
हे आईला अजून पटलेलं नाही.

मी दाखवते
सागवानी तुळया, त्यांच्यावर पटाशीनं कोरलेले आकडे,
आणि मधल्या तुळईला लटकलेला एक आकडा, खरा, लोखंडी.
भिंत उघड्या जांभ्याची.
'एक्स्पोज्ड लॅटराइट' म्हणायचं,
जांभा म्हटलं की भाव पडतो.
आकड्याला पूर्वी तराजू असायचा.
आता बिल्डरनं इटालियन दिवा लावलाय,
वजन दीड किलो.
गोणी पेलून पेलून लोखंड एका अंगानं झिजलंय.
लॉफ्टवरून हात पुरतो.
गिऱ्हाईक बाथरूम बघत असतं तेव्हा
मी तिथे बोट फिरवते.

जे दाखवत नाही ते पर्समध्ये असतं,
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, चार घड्या घातलेलं,
अमावास्या-पौर्णिमेला लाल गोल.
उधाण आलं की ही भिंत घामेजते.
तीन हात प्रायमर झाला,
पुण्याहून केमिकल आलं,
भाट्याच्या गणू पेंटरनं तिला आईवरून शिवी दिली,
तरी दुसऱ्या दिवशी पांढरी लव,
बारीक, मऊ,
मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखी.
एवढी वर्षं प्यायलेलं मीठ
सहा महिन्यांत कशी ओकेल?
म्हणून मी ओहोटी बघून दार उघडते.
शक्यतो सकाळी.
सुकटाचा वास बारानंतर चढतो.

इलियास फणसोपकर अमावास्येलाच आला.
सेकंड इंजिनिअर, सुट्टी संपत आलेली,
सोबत बहिणीची मुलगी, झोया, दोन दात पडलेली.
शनिवारी या, मी म्हटलं होतं.
शनिवारी मी कोलंबोच्या पुढे असेन, तो म्हणाला.

कुलूप काढलं. भिंत चमकत होती.
मी एसी लावला, पडदा ओढला,
मॉड्युलर किचनबद्दल बोलत सुटले,
चिमणी, ड्रॉवर, ड्रॉवरच्या आतला ड्रॉवर.
झोया सरळ चालत गेली
आणि तिनं भिंत चाटली.
"मामू, खारट!"

त्यानं तळवा टेकवला,
ताप बघतात तसा. बराच वेळ.
मग मला विचारलं,
"आज भरती कितीला?"
"बारा बावीस."
कागद काढायचीही गरज पडली नाही मला,
लाज वाटली ती त्याचीच.

तो हसला नाही. भाव पाडला नाही.
पडदा सारला, आणि आम्ही तिघं उभे राहिलो
पाणी जेटीच्या वरच्या पायरीला लागेपर्यंत.
ट्रॉलर एकमेकांना घासत होते.
झोया भिंतीला पाठ लावून उभी,
फ्रॉकवर पांढरा ठसा.
जाताना एवढंच म्हणाला,
"दिवा काढा तिथला. आकड्याला शोभत नाही."
आणि, कळवतो.

अजून कळवलेलं नाही.
जहाजाचं नाव विचारायला हवं होतं.

दिवा मी उतरवलाय,
बिल्डरला वायरिंगचं कारण सांगितलं.
आणि जाहिरातीत, पार्किंगच्या खाली,
एक ओळ वाढवली:
भिंतीला लोणा आहे. भरतीच्या वेळी पाहायला यावे.

कालपासून दोन फोन.
एकानं ऐकून ठेवून दिला.
दुसऱ्या बाई, आवाज गोड, सगळं नीट लिहून घेतलं,
मेंटेनन्स, लिफ्ट, पाण्याची वेळ,
मग जरा थांबून म्हणाल्या,
"आणि लोण्याचे पैसे वेगळे, की धरूनच?"