होडीचा रंग

चर्चच्या तळघरातल्या जुन्या बाजारात
दोन डॉलरला कॅमेरा घेतला.
बिघडलेलाच होता. मला त्याच्या पोटातला रोल हवा होता.
कडेला छापलेलं : रंगीत, बारा फोटो.
साल पुसलेलं.

वेइक्को म्हणाला, ह्या रोलचं पाणी
आता जगात कोणी करत नाही.
रंग असतील आत, तिन्ही थर शाबूतही असतील,
पण ज्या हाकेला ते ओ देत
ती हाकच बंद झाली.
काळ्यापांढऱ्यात धू. चांदीत जेवढं उरलंय तेवढं तुझं.

थंडर बेमध्ये जानेवारीत अंधाराला तोटा नाही,
तरी आमच्या सॉनाला खिडकी नाही हे बरं.
जिथे माणसं उघडी बसतात
तिथे मी स्वेटर घालून, विझल्या शेगडीपाशी,
चाचपत चाचपत रोल चक्रीवर चढवला.
दोनदा अडकला. दोनदा फिनिशमध्ये शिवी दिली,
आई असती तर दिली नसती.

रसायन गार लागतं,
नाहीतर चित्राआधी जुनं धुकंच वर येतं.
बादलीत अंगणातला बर्फ घातला.
डबा उलटा, सुलटा, मग थांबायचं.
गोदीवर तीस वर्षं गव्हाचे नमुने तपासले,
थांबण्याची सवय आहे मला.

बारांतले नऊ नुसती राख.
एकात केक, मेणबत्त्या पेटलेल्या, फुंकणारं कोणी नाही.
एकात कुणाचा तरी अंगठा.
आणि एकात, रवाळ, मळकट,
सरोवराच्या काठी पालथी घातलेली होडी,
तिच्यावर तळवा टेकून एक माणूस,
ऊन लागतंय म्हणून डोळे बारीक केलेला.

रविवारी कॉफीच्या वेळी फोटो फिरवला.
इर्या आणि लेंपी, दोघींची ऐंशी उलटलेली.
कॅमेरा त्यांनीच दिला होता बाजारात,
आत काही आहे हे ठाऊक नसताना.
माणूस लगेच ओळखला : बाबा.
त्यावर वाद नव्हता.
वाद होडीवरून झाला.

हिरवी होती, लेंपी म्हणाली.
मी घासायला बसले होते,
आठवडाभर नखांतून हिरवं निघेना.
पिवळी, इर्या म्हणाली.
हिरवी गं.
इर्याने कप बशीत ठेवला.
चार दिवस आम्ही पाण्यावर पिवळंच शोधत होतो.
तू लहान होतीस. तुला मावशीकडे ठेवलं होतं.

कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
फोटोतली होडी राखाडी,
दोघींच्या मधोमध टेबलावर.
बऱ्याच वेळाने लेंपी म्हणाली,
मग हिरवा खालचा असेल.

निगेटिव्ह अजून सॉनात टांगलेली होती, चिमट्याला.
शनिवारी ती काढून सॉना तापवला.
वाफेला आंबूस वास, व्हिनेगरसारखा.
वेइक्कोने नाक मुरडलं.
मी दगडांवर आणखी एक डबाभर पाणी ओतलं.