धक्क्याचा कल

चैत सरता सरता पाणी दीडशे पावलं मागं गेलं
आणि धक्क्याचे पाय उघडे पडले.
तेरा खांब. दोन जांभळीचे, बाकी सागाचे.
कमरेला वाळकं शेवाळ, खाली शिंपल्यांची खरबरीत साल,
आणि सगळेच्या सगळे उगवतीकडं कललेले,
जणू बांधापलीकडून कुणी हाक मारली
आणि ओ द्यायची राहून गेली.

"सव्वीस वर्साचा कल हाये," इस्तारीमामा म्हणाले,
"एका दिवसात नाही निंघत."
चपला बांधावर ठेवून ते गाळात उतरले,
एकेका खांबाला वासल्याच्या दांड्यानं ठोकत,
कान लावत.
टण् वाजला तो जिता.
भद् वाजला तो गेला.
चौथा, सातवा, अकरावा गेले.
जांभळीचे दोन्ही जिते.
"सागाची ऐट जमिनीवर,"
एवढंच बोलले.

पाणसळ साकोलीच्या एसटीत राहून गेली होती.
मी मोबाइलमध्ये तसलं ॲप शोधू लागले,
तर मामांनी तलावाकडं बोट केलं:
"एवढी मोठी पडली हाये ना."
मग पारदर्शक नळी आणली, तिच्यात तलाव भरला.
एक टोक त्यांच्या हाती, एक माझ्या,
मधे गाळ, फळ्या, निघून आलेले खिळे,
आणि दोन्ही टोकांना तेच पाणी
हलत हलत थांबलेलं.
"बोल."
"चार बोटं खाली."
"आता?"
"चार बोटं न् करंगळी."
नळीत एक इवलासा झिंगा होता.
तो मात्र कुठल्याच रेघेवर थांबेना.

कल कशाचा, ते फळ्यांनीच सांगितलं.
उगवतीची कड झिजून चमच्यासारखी झालेली.
तिथं सकाळी कव्याच्या झाडाची सावली पडायची,
म्हणून सोसायटीचा काटा तिथं,
रोहू-कतल्याचे ओले खोके तिथं,
शिंगाड्यांची पोती, भांडणं, उधारीची वही तिथं.
सावलीला वजन नसतं.
पण तिच्यामागं आलेल्या माणसांना असतं.

झाड मागच्या वादळात पडलं.
त्याचेच तीन नवे खांब केले.
"कवा पान्यात किती टिकते?"
"मले मालूम नाही. पाहू."

ट्रॅक्टरचा जॅक, नारळाचा दोर, बांधावरची बाभूळ.
चक्रधर आणि त्याची पोरं एकदम जोर लावू लागली
तसे मामा ओरडले:
"अबे, दात नोहे तो, उपटाचा नाही!
समजावाचा हाये."
मग दिवसाला दोन बोटं.
रात्री दोर ताणून ठेवायचा,
सकाळी लाकूड थोडं ऐकलेलं असायचं.
नवव्या दिवशी नळीच्या दोन्ही टोकांना
पाणी एका रेघेत आलं.
मामांनी विडी पेटवली. विझली. परत पेटवली नाही.

दहाव्या सकाळी सुगरतामावशी टोपली घेऊन चढली
आणि तिसऱ्याच फळीवर ठेचकाळली.
सव्वीस वर्षं तिचा डावा पाय
उतार धरूनच पडत आला होता.
"सपाट केला म्हनता?" ती म्हणाली,
"मले तं बाप्पा चढ लागून राहिला."

कुणीतरी हसलं. मामा नाही.

ती चालत गेली उगवतीच्या कडेला,
जिथं आता सावली नव्हती,
पदर डोक्यावर ओढून बसली,
टोपली पुढं घेतली
आणि म्हणाली,
"काटा आना. इथंच."