मनोरीची खाडी, अष्टमी

रीळ जपानी आहे, चांगलं आहे.
आधी जाकीट घाल, बस्त्याव म्हणाला,
पिशवीतलं जाकीट पोहत नाही.

मग तंगूस ओठांवरून ओढत नेला,
खरखरला तिथे दातांनी तोडला.
"जिताडा इथूनच गेला असता."

आज भांगाचं पाणी, सुस्त.
तरी होडीचा दोर आखूड नको,
ओहोटीत ती धक्क्याला लटकते.
शिंगाळा लागला तर हात लांब.
(अंगठा दाखवला. वाकडा.)

दुपारी एकच लागला, वीतभर.
मी मोबाइल शोधेपर्यंत
त्याने हात ओला केला,
गळ उलटा फिरवला,
मासा पाण्यात.

"असा नियम आहे?"
"असेल लिहिलेला. मला वाचता येत नाही,
वीत मोजता येते."

घरी बायकोने पिशवी उचलली.
जड आहे की!
शिसं, म्हटलं.