पाच व्होल्ट

मेन बंद केला तेव्हा साडेदहा झाले होते,
पंखा अजून जुन्या भरात फिरत होता.
आई म्हणाली, लवकर आटप बिड्डा,
सुपातली पानं वाळतात.

सोलापूरभर बोर्ड बदलत फिरते मी.
जुळे सोलापुरात एका बंगल्यात
पलंगाच्या दोन्ही अंगांना, अगदी देवघरातसुद्धा,
यूएसबीची चपटी तोंडं बसवून आले.
आणि इथे विडी घरकुलात, आमच्याकडे,
टीव्हीमागे एकच सॉकेट, तेही तिरपं,
त्याच्यावरून रोजची वादावादी:
श्रीनिवासचा मोबाइल रात्रपाळीआधी,
आईचा हजार विड्या मोजून झाल्यावर,
बाबांचा उरलाच वेळ तर.
"मला कोण फोन करतंय."

चार स्क्रू. तीन निघाले,
चौथा रंगासकट सोलून काढला.
आत डबीत
कापसाचा पुंजका.
माग सुटून तेरा वर्षं झाली बाबांचा,
आणि ही लव त्यांच्या सदऱ्यातून केव्हा उतरली,
भिंतीत केव्हा शिरली, कोणास ठाऊक.
बाबा जवळ आले. चष्मा पुसला.
म्हणाले, ही माझ्या हातची वायरिंग.

जोड बघितला.
आयटीआयत शिकवतात तो पीळ नव्हता.
तांब्याची दोन टोकं
विणकराच्या गाठीनं सांधलेली,
चालत्या मागावर तुटला धागा बांधावा तशी,
बारीक, चपटी,
फणीतून बिनबोभाट जाईल अशी.
प्रॅक्टिकलला कुणी असा जोड दाखवला
तर मी शून्य देईन.
ओढून पाहिली.
सुटली नाही.

मग वरचं, मोठं, तिसरं भोक.
हिरवी वायर कुठे आहे म्हणून टॉर्च मारला
तर मागे नुसतं प्लॅस्टर.
"अर्थिंग?"
"तेव्हा पैसे कमी पडले,"
बाबा भिंतीशी बोलावं तसं बोलले,
"भोक तर होतंच की."

इस्त्रीला हात लागला की मुंग्या येतात
हा आम्ही घराचा स्वभाव समजत होतो.
आई चप्पल घालून इस्त्री करायची.
शाळेचा माझा निळा फ्रॉक,
बाबांचा लग्नाकार्याचा एकुलता सदरा,
सगळं चप्पल घालून.

यूएसबी राहिलं बाजूला.
मागच्या बोळात खड्डा. मुरूम असा की पहार उडते.
बाबांनी ती माझ्या हातून घेतली,
दहा घाव घातले, बसले, पुन्हा दहा.
मीठ, लाँड्रीवाल्याकडचा कोळसा,
तांब्याची पट्टी, पुन्हा मीठ.
पाणी चार दिवसांआड. आज चौथा.
आईनं हंड्याच्या तळातलं मोजून ओतलं.
"आता जमिनीलाही पाजायचं का?"
हो, म्हटलं, उन्हाळाभर.

दिवस मावळता पांढरा बोर्ड बसला.
कनेक्टर घातले, गाठ मात्र
दोन्हीकडे बोटभर वायर ठेवून कापली.
पिशवीत टेस्टरशेजारी पडून आहे.

बाबा वाकून बघत राहिले.
"ह्याला चार्जरचा ठोकळा नाही. मग बदलतं कोण?"
"आतच आहे. दोनशे तीसचे पाच करतं."
"आवाज न करता?"
"आवाज न करता."
"आमच्या जॉबरला कधी जमलं नाही बघ,"
आणि स्वतःचा बटणांचा फोन पुढे केला.
त्याची पिन बारीक, गोल. ह्यात बसेना.
हसले. जुना ठोकळा शोधून आणला,
तीन भोकांच्या सॉकेटात लावला,
तिसऱ्या भोकाकडे एकदा बोट दाखवलं,
काही म्हणाले नाहीत.

श्रीनिवासचा फोन भरतोय. आईचाही, शेजारी.
भांडण नाही म्हणून घर जरा ओकंओकं.
आईनं इस्त्री लावली.
पायात चप्पल आहेच.
माझ्याकडे बघते, इस्त्रीकडे बघते,
आणि एका पायातली
काढते.