उसवण

दामोदर पतंगे, माझे आजेसासरे,
ग्वाल्हेरला, लष्करातल्या एका बोळात शिवायचे
सरदारांचे अंगरखे, बँडवाल्यांचे डगले,
आणि दसऱ्याआधी संस्थानचं निशाण:
भगव्यावर नाग, फणा काढलेला.
नागाचे डोळे अगदी शेवटी करायचे.
आधी केले तर कापड बघत बसतं, म्हणायचे.

दुसरं निशाण रात्री, दार लावून.
कॉलेजातल्या पोरानं चुरगळलेला कागद आणला,
वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा.
एक पट्टा यांचा, एक त्यांचा,
एक उरल्यासुरल्या सगळ्यांचा, पोरगा सांगत होता.
दहा वर्षांनी तोच आला, मिशी राखून.
तांबडा काढा, केशरी वर घ्या,
आणि पट्टे आता कुणाकुणाचे नाहीत, काका.
धैर्य, शांती, श्रद्धा.
आजोबांनी दातात दोरा तोडला.
शिवण तासाभरात उसवतो, म्हणाले,
बाकीचं तुम्ही बघा.

सत्तेचाळीसच्या जुलैअखेर निरोप आला,
चरखा काढा, चाक लावा.
चरख्याला पाठ होती.
वारा फिरला की तो उलटा दिसायचा,
डावखुऱ्यानं कातायला घेतल्यासारखा.
चाकाला पाठ नाही, हे त्यांना पटलं.
पितळी ताटली ठेवून कागदावर गोल आखला,
तीनदा निम्मा दुमडला, मग तिनात.
उलगडला तर चोवीस आरे.
नवं कापड मिळेना, रेशन होतं.
जुन्याच पांढऱ्यावर निळं शिवलं.
पंधरा ऑगस्टला उन्हात
चाकाच्या आरपार चातीची भोकं दिसली,
फक्त त्यांना. घरी येऊन सांगितलं
आणि जेवायला बसले.

मी आता खादीच्या कारखान्यात
झेंडे तपासते. या बाजूचे आरे मी मोजते,
त्या बाजूचे नफीसा, मग अदलाबदल.
धागे मोजायचे, रंग धुऊन बघायचा,
घासून बघायचा. अर्थाची चाचणी नाही.
बाजारात पॉलिस्टरचे आलेत,
हलके, सुळसुळीत, झुळकीवरसुद्धा उडतात.
आमचा जड. त्याला वारा लागतो.

परवा एक चाक पाठीमागून
सुतभर सरकलेलं निघालं.
एवढ्या उंचावर कुणाला दिसणार गं, नफीसा म्हणाली.
मी नापासचा शिक्का मारला,
मग उगाच खिडकीशी नेऊन
उजेडावर धरला,
कोरं कापड होतं, आजच ठाणातून काढलेलं,
तरी बराच वेळ धरून ठेवला.